चौथ्या गाण्यातली ती

लिफ्टचं दार मिटता मिटता एक हात आत आला, आणि मागोमाग गळ्यात हेडफोन अडकवलेला एक उंच तरुण.

"बुवांच्या अल्बमवर तुम्हीच लिहिलंत ना?"

झालं, आला हाही भांडायला. सकाळपासून पेपरातल्या तिच्या परीक्षणाचे वाभाडेच निघत होते. बुवा म्हणजे गिटारवाले बुवा. उभा जन्म रॉक वाजवला, तरी कपाळावरचा शांतपणा काही हलला नाही, म्हणून हे नाव. त्यांचा चार गाण्यांचा नवा अल्बम आला. कुणी लिहिलं, बोटं थकली. कुणी लिहिलं, आता कुठे पिकली. तिने लिहिलं, चौथ्या गाण्यात गिटारीमागे एक बाई हलकेच गुणगुणते, सगळा जीव तिथेच आहे. आणि बुवांचा फोन आला - अल्बमवर बाईच नाही. मग काय, न ऐकताच लिहिते म्हणून बाकीच्या समीक्षकांनी तिला धुऊन काढलं. संपादकबाईंनी सांगून टाकलं, संध्याकाळपर्यंत माफीनामा दे, पुढच्या आठवड्यापासून संगीताचं पान दुसऱ्याकडे. ते पान म्हणजे तिचा जीव की प्राण.

"मी बुवांचा रेकॉर्डिस्ट," तो म्हणाला. "मलाही ऐकू येते ती."

ती त्याच्याकडे वळली. "कोण आहे ती?"

"कुणीच नाही. तोच तर घोळ आहे."

स्टुडिओ दोन गल्ल्या पलीकडे होता. चालता चालता त्याने सांगितलं. गाण्याआधी तो सगळ्यांना बाहेर काढतो आणि रिकाम्या खोलीची शांतता टेप करतो, गाण्याखाली अंथरायला. त्या शांततेत ती होती. दाराबाहेर तर तो स्वतः उभा होता.

"मग पुसलं का नाही?"

"पुसवेना..." त्याची पावलं रेंगाळली. "दिवसातून एकदा तरी ऐकल्याशिवाय चैन पडत नाही."

"भुताच्या प्रेमात पडलात म्हणा की."

"हसा. तुम्ही तर तिच्यावर अर्धं पान लिहिलंत."

ती हसली खरी, पण भर दुपारी तिला थंडी वाजली.

बुवा स्टुडिओतच होते. चौथं गाणं लागलं. नेमक्या त्याच जागी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं... आणि बुवांनी मान हलवली. "पोरी, राग नाही गं तुझ्यावर. पण नाही ते कसं ऐकू मी?"

विषय संपला. काचेपलीकडच्या खोलीत बसून ती माफीनामा लिहू लागली. खोली इतकी बंद, की स्वतःचा श्वासही परका वाटावा. दोन ओळी लिहून तिने वर पाहिलं. काचेमागे तो उभा होता, चेहरा पांढराफटक. धावतच आत आला.

"आत्ता काय गुणगुणत होतीस?"

"मी? छे..." म्हणाली खरी, पण आईचं कायमचं बोलणं तिला आठवलं - लिहिताना तोंड मिटून बसत जा गं जरा.

"तीच चाल. तोच आवाज. माईक चालू आहे, थांब."

त्याने आत्ताची टेप लावली. पेनाची खरखर, खुर्चीची कुरकुर. गुणगुणणं कुठेच नाही.

बुवांना राहवलं नाही. त्यांनी चौथं गाणं पुन्हा लावलं आणि ताठ बसले. "अगं... ही कोण?" ते कितीतरी वेळ ऐकत राहिले. मग फोन उचलून संपादकबाईंना म्हणाले, "माफी मी मागतो. तुमच्या पोरीने बरोबर ऐकलं. तिचं पान तिच्याकडेच राहू द्या."

तिचा जीव भांड्यात पडला. तिने त्याचा हेडफोन कानाला लावला. गिटार. गाणं पुन्हा लावलं. नुसती गिटार.

"मला नाही ऐकू येत आता," ती पुटपुटली. "गेली ती."

"गेली कुठे? समोर तर बसलीय."

"मला भीती वाटतेय."

"मलाही. पण तू उठून गेलीस तर जास्त वाटेल." त्याने मान खाली घातली. "तुला ओळखायच्या आधीपासून आवडतेस मला. हे कुणाला सांगायची सोय नाही."

तिने माफीनाम्याचे चार तुकडे केले.

"मग मला म्हणून दाखव. काय गात होते मी?"

तो गुणगुणला. भलताच बेसूर. तिला हसू फुटलं, डोळे भरून आले, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून ती म्हणाली, "विसरू नकोस हं. आता तुझ्याशिवाय मला ते कधीच ऐकू येणार नाही."