टाकीचं नवं झाकण

पिकअपच्या डिझेल टाकीचं झाकण हरवलं ते बाबा असतानाच. पंपावरच्या माणसाने ते टपावर ठेवलं, बाबा गप्पांच्या नादात तसेच निघाले आणि झाकण कुठल्या तरी वळणावर पडलं. बाबांनी टाकीच्या तोंडात फडकं कोंबलं आणि "उद्या आणू" म्हणत राहिले. त्यांचा उद्या म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. मग बाबाच गेले आणि फडकं तेवढं राहिलं.

आज अखेर त्यांच्या धाकट्या मुलाने झाकण आणलं होतं. तो फ्रिज दुरुस्त करायचा. उघडं राहिलेलं काहीही त्याला बघवत नसे. पण खरं कारण आई होती. वर्षभर ती या घरात एकटी राहत होती, मध्यंतरी न्हाणीत घसरून पडली होती, आणि त्याच्याकडे राहायला चल म्हटलं की तिचं एकच पालुपद असायचं.

"ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

ताईने फोनवर समजावून पाहिलं, शेजारणीने रागावून पाहिलं, पण आई ढिम्म हलली नाही. निदान गाडी तरी तयार ठेवावी, म्हणजे तिचं मन वळलं तर लगेच निघता येईल, असं ठरवूनच धाकटा आला होता.

त्याने खिशातली किल्ली काढून शेड उघडली. पत्रा तापायला लागला होता. आत जुन्या रबराचा, ग्रीसचा आणि बाबा हात धुवायचे त्या खरखरीत साबणाचा वास कोंडलेला होता. त्या वासाने त्याला बाबांची इतकी आठवण आली की तो दोन मिनिटं चाकावर हात ठेवून नुसता उभा राहिला.

मग त्याने टाकीचं फडकं ओढलं आणि थबकला. मागच्या खेपेला बाबांचं कुजलेलं फडकं काढून त्याने घाईघाईत गोणपाटाचा तुकडा कोंबला होता. हे पांढरं सुती कापड होतं, स्वच्छ धुतलेलं, चार घड्या घालून टोक आत दुमडलेलं. बाबा फडक्याची घडी अशीच घालायचे.

"आई, टाकीचं फडकं तू बदललंस का गं?"

"मी कशाला?" आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. "मला त्या पायऱ्या उतरवतात का? मला वाटलं, तूच बदलतोस."

शेडची किल्ली एकच होती आणि ती त्याच्या हातात होती. त्याने तो विचार बाजूला सारला आणि टाकीच्या तोंडाचा गंज पॉलिश पेपरने घासायला घेतला.

या गाडीचा डिझेलचा काटा कधीच चालला नाही. बाबा गाडीला खांदा लावून ती डोलवायचे आणि धाकट्याला उचलून त्याचा कान टाकीच्या तोंडाशी धरायचे. "बोल मेकॅनिक, किती आहे?" आत डुचमळणाऱ्या आवाजावरून तो उत्तर द्यायचा. बरोबर असलं तर बाबा बोटाच्या पेराने गाडीच्या पत्र्यावर दोनदा टकटक करायचे, चुकलं तर एकदाच. शाळेतल्या कुठल्याही शाबासकीने त्याला तेवढा आनंद कधी झाला नाही.

झाकण बसवण्याआधी एकदा ऐकावं असं त्याला वाटलं. त्याने खांदा लावून गाडी डोलवली आणि कान टेकवला. आत डिझेल सावकाश हललं.

"अर्धी," तो हसून म्हणाला.

पत्र्यावर दोनदा टकटक झाली.

तो गाडीला वळसा घालून आला. पलीकडे कोणी नव्हतं. उन्हाने पत्रा वाजतो, धातू प्रसरण पावतो, हे त्याच्या रोजच्या कामातलं होतं. तरी तो परत टाकीपाशी आला आणि मुद्दाम चुकीचं बोलला.

"रिकामी."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग एकदाच टक झालं.

त्याने झाकण लावलं, झाकणाची किल्ली फिरवली आणि तो उन्हात आला.

आई खिडकीत हात पुसत उभी होती. तिचा चेहरा वर्षभरात असा खुलला नव्हता.

"एकदा बरोबर आणि एकदा चूक," ती म्हणाली. "पूर्वीही दुसऱ्यांदा हमखास चुकायचास. थांब, मी पिशवी भरते."

"कुठे निघालीस?"

"तुझ्याकडे. तूच मागे लागला होतास ना?"

त्याला आनंद व्हायला हवा होता. तो गाडी बाहेर काढून वाट बघत बसला. आईने दाराला कुलूप लावलं, मागे वळूनही पाहिलं नाही, आणि पायऱ्या न अडखळता उतरली. गाडीत चढून ती सरकत सरकत सीटच्या मधोमध बसली. तिचे गुडघे गिअरला लागत होते.

"आई, खिडकीशी बस ना. मला गिअर टाकता येणार नाही."

"टाकशील. एवढी वर्षं टाकलासच की."

ते खरं होतं. तो गाडी शिकल्यापासून आई मध्ये बसायची आणि बाबा खिडकीशी.

तिच्या बाजूचं दार उघडंच राहिलं होतं. ते लावायला तो उतरू लागला.

"राहू दे," आई म्हणाली. तिचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते.

दार आतून ओढलं गेलं आणि हलकेच लागलं.