मागे नाव नसलेली खुर्ची

दिवाण जिन्याच्या वळणावर अडकला नसता, तर मिनलने ऋषिकेशकडे धड पाहिलंही नसतं. पण तो अडकला... वर घामाघूम मिनल, खाली सामान घेऊन आलेला कुणी अनोळखी, आणि मध्ये आडवा दिवाण.

"मॅडम, थोडं तुमच्याकडे ओढा ना."

"भाडं मी देऊन राहिली, आता हमालीबी मीच करू?"

मग दिवाणाच्या कडेवरून दोन हसरे डोळे वर आले.

"हमाली माझीच आहे... तुमी फक्त ओढल्यासारखं करा."

मिनलला हसू आवरेना. तिने खरोखरच ओढलं.

नागपूरच्या इतवारीत ऋषिकेशच्या वडिलांचं बिछायत केंद्र होतं. लग्नाकार्यात सतरंज्या, खुर्च्या पुरवायचं काम. ऋषिकेशने त्याला जोड म्हणून घरगुती फर्निचर महिन्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. मिनल सावनेरच्या शेतकऱ्याची लेक, नागपुरात एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. विकत काही घ्यायचं म्हटलं की आईचं, गोपिकाबाईंचं, उत्तर ठरलेलं: "आता कायले घेतं वं? लग्नात देऊच ना." म्हणजे लग्न होईपर्यंत पोरीने बहुधा हवेत झोपायचं. म्हणून हे भाड्याचं बिऱ्हाड.

भाडं फोनवरून पाठवता येत होतं, तरी ऋषिकेश दर महिन्याला हजर. "दिवाणाचे स्क्रू पाहून घेतो," म्हणायचा. स्क्रू कधीच ढिले नसायचे. तो उगाच पान्याने ठकठक करायचा, ती चहा टाकायची आणि बोलणं लांबत जायचं. नवतपात, उन्हाळ्याच्या त्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, त्याने आपणहून कूलरला नवा वाळा लावून दिला. त्या ओल्या, गार वासात मिनल कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. या शहरात आपली कुणी आठवण ठेवतं, याचं तिला फार अप्रूप वाटलं.

आणि मग बाबांचा फोन आला.

"भाड्याच्या पलंगावर झोपते म्हने पोरगी," रुपराव म्हणाले. "रविवारी येऊन पाहतो. नाही पटलं त संगंच घेऊन येईन."

सावनेरला परत, म्हणजे नोकरी संपली. आणि ते ठकठक करणंही. मिनलने घाबरून ऋषिकेशला बोलावलं.

"सगळ्या सामानामागं तुमचं नाव रंगवलं आहे. पुसून द्याल का? विकत घेतलं म्हणून सांगीन."

लग्नाच्या गर्दीत अदलाबदल होऊ नये म्हणून बिछायतवाले वस्तूंवर नाव रंगवतात, तशी ऋषिकेशलाही सवय होती.

"मग माझं सामान मी कसं ओळखू?"

"मी आहे ना इथं... सांगीन."

त्याचे कान लाल झाले. थिनरने नावं घासता घासता त्याने हळूच विचारलं, "बाबांचे गुडघे कसे आहेत आता? तुमी मागं म्हणल्या होत्या."

"तसेच. बसले की उठवत नाही."

खिडकीजवळच्या खुर्चीचं नाव इथं निघत नाही म्हणत तो ती दुकानात घेऊन गेला आणि शनिवारी रात्री परत आणून ठेवली.

रविवारी रुपराव आले. घरभर फिरले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पोहे खाल्ले आणि हात न टेकता उठले. मग थबकून त्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

"मिनू, हे खुर्ची कोनं उंच केली वं?"

मिनल वाकली. चारही पायांखाली लाकडी ठोकळे, नीट पॉलिश करून बसवलेले. तिलाही ठाऊक नव्हतं. ठरवलेलं खोटं तिच्या ओठावर येईना.

"ऋषिकेशनं... ज्याचं सामान आहे त्यानं. बाबा, हे सगळं भाड्याचंच आहे."

"मले आल्या आल्या समजलं. थिनरचा वास येऊन राहिला ना." रुपराव हसले. "आन् थ्रेशर का आपन इकत घेतलं? चार दिवसाचं काम, ते भाड्यानं. बैल मात्र घरचा लागते, तो रोज लागते म्हनून." ते पुन्हा खुर्चीत टेकले. "राह्य इथंच. न पाहिलेल्या मानसाच्या गुडघ्याची ज्याले काळजी, त्याच्या सामानावर तू झोपली त मले घोर नाही."

बाबांना बसमध्ये बसवून ती परतली, तर दारात ऋषिकेश रंगाचा डबा घेऊन उभा.

"नावं टाकू ना परत?"

"टाका. फक्त त्या खुर्चीवर नका. ते मी विकत घेईन... बाबांची आहे ते." तिचा आवाज ओलावला. "तुमचे उपकार कसे फेडू, मले खरंच समजून नाही राहिलं."

"आणि बाकीचं सामान?"

"भाड्यानंच राहू द्या. नाही तर स्क्रू पाहायले कोण येईल?"

"मी रोजच आलो तर?"

मिनल जमिनीकडे बघत म्हणाली, "बाबा म्हणतात, रोज लागते ते घरचं पाहिजे."

ब्रश हवेतच थांबला. एक थेंब फरशीवर पडला.

"मिनल..." पहिल्यांदाच 'मॅडम' गळून पडलं होतं. "मी घरचा होऊ?"

"बाबा बैलाबद्दल बोलून राहिले होते."

"चालते मले," ऋषिकेश म्हणाला.

मिनल हसत चहा टाकायला वळली. आणि जिन्याच्या त्या अरुंद वळणाचे तिने मनोमन आभार मानले.