धुराड्याखालची माती

माती खोटं बोलत नाही. हे वाक्य ओरुरो शहरातल्या माती-प्रयोगशाळेच्या भिंतीवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. त्या पिवळ्या रंगात शिसं होतं. हा शोध तिथल्याच रेमिहिओ चोकेने लावला होता, आणि तेव्हापासून ती भिंत पुसायला कुणी हात लावत नव्हतं. शिसं गोडसर लागतं, त्यामुळे लहान मुलं अशा भिंतींचे पोपडे खातात, ही माहिती तो भेटीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना आवर्जून देई. अधिकारी खुर्ची जरा लांब सरकवत.

रेमिहिओचं काम सरळ होतं. सोरापाता गावातला शिसं वितळवायचा कारखाना बंद पडून जमाना झाला होता, पण त्याच्या धुराड्याने सोडलेलं शिसं शेतांत तसंच बसून होतं. बसून राहिलं तर कुणाचं काही जात नाही. मिनीबसमध्ये खिडकीशी बसलेला माणूस जसा जागा सोडत नाही, तसं शिसं मातीच्या कणाला चिकटून असतं. आंबट काही पडलं, किंवा दुसऱ्या धातूने येऊन 'सरका जरा' म्हटलं, की ते उठतं आणि पिकात, पाण्यात, पोटात जातं. म्हणून नियम असा, की माती सौम्य आम्लात घुसळायची आणि शिसं सुटलं तर वरचा थर खरवडून ट्रकने न्यायचा. गावातली बाकीची शेतं अशी खरवडून झाली होती.

उरलं होतं दोन्या सातुकाचं, म्हणजे सातुकाबाईंचं शेत, अगदी धुराड्याच्या पायथ्याशी. शिसं तिथेच सगळ्यांत जास्त होतं. आणि ते सुटत नव्हतं. रेमिहिओने आम्ल वाढवलं, बाटल्या दिवसभर हलवत ठेवल्या. वरच्या पाण्यात शिसं नाहीच. एवढी हट्टी माती त्याने पाहिली नव्हती. कितीतरी दिवसांनी त्याला आपल्या कामाची गंमत वाटली.

ऑगस्टात तो ड्रायव्हर फेर्मिनला घेऊन पुन्हा माती आणायला गेला.

"ट्रक कुठाय?" दोन्या सातुकाने बांधावरूनच विचारलं.

"ट्रक नाही, दोन्या. अजून थोडी माती नेतो."

"न्या. नेऊन नेऊन तुम्हीच संपवाल, ट्रक लागायचाच नाही." ती फेर्मिनकडे वळली. "मुलगा म्हणतो, शहरात ये, एल आल्तोला. चौथ्या मजल्यावर खोली आहे त्याची. माती म्हणाल तर एका कुंडीत. त्या कुंडीत बटाटा लावू की मीच बसू?"

शेताच्या कोपऱ्यात ती एक खड्डा उकरत होती. ऑगस्ट म्हणजे जमिनीने तोंड उघडायचा महिना. त्या मुलखात सगळेच तेव्हा जमिनीला काहीबाही खाऊपिऊ घालतात. सातुकाची रीत थोडी वेगळी होती. ती दर वर्षी धातूची एक वस्तू पुरायची आणि गेल्या वर्षीची काढून घ्यायची. तिने कोकाची काळी पडलेली पानं बाजूला केली आणि एक बटण काढून शालीला पुसलं.

"आमच्या ह्यांच्या कोटाचं. कार्निवलच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचे."

बटण राखाडी होतं आणि हातात घेतल्यावर नको तितकं जड. त्यावर पंख पसरलेला कंडोर, डोंगरातलं मोठं गिधाड, कोरलेला होता. रेमिहिओने कडेला नख ओढलं. ओरखडा उमटला.

"हे पितळी होतं?"

"बाकीची कोटावर आहेत. बघा हवं तर."

"मग हे कुणी बदललं?"

"इथे चोरसुद्धा यायचा कंटाळा करतात, इंजिनियर."

तिने घरातून टोपली आणली. चमचा, कर्णफूल, अंगुस्तान, कुलपाची किल्ली. सगळं त्याच राखाडी रंगाचं. फेर्मिनने किल्ली दोन बोटांत धरली आणि ती वाकली. त्याने ती हळूच परत ठेवली.

एका धातूने दुसऱ्याची जागा घेणं रेमिहिओला नवीन नव्हतं. ते डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचं काम. पण कंडोरचं एकही पीस न चुकवता? त्याने बटण उन्हात धरून उलटंपालटं केलं. त्याला ते ठेवून द्यावंसं वाटत होतं.

"आणि वस्तू संपल्या की काय द्याल?" त्याने हसत विचारलं.

सातुका त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"दात सोन्याचा?"

"आईने बसवून दिला. पदवी मिळाली तेव्हा."

"छान चमकतो," ती म्हणाली. "जेवून जा, बाळ."

शेतातल्याच ढेकळांची भट्टी तिने रचली होती. ढेकळं लाल झाल्यावर तिने बटाटे आत टाकले आणि भट्टी त्यांच्यावर ढासळवली. ऑगस्टात शेतावरचं जेवण नाकारणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखंच. फेर्मिनने मात्र डब्यातला पाव काढला.

"खा की, इंजिनियर. तुमचाच अहवाल आहे ना, काही सुटत नाही म्हणून?"

"आणि तू?"

"मी ड्रायव्हर माणूस. मला अहवाल कळत नाहीत."

बटाटा सालीसकट होता, खमंग होता. एकदा दाताखाली मातीचा कण कचकन लागला. रेमिहिओने गिळून टाकला.

निघताना त्याने पाहिलं, सातुका तळहाताने खड्डा बुजवत होती. खड्डा रिकामाच होता.

"या वर्षीची वस्तू?"

"दिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातुकाच्या शेताचा अहवाल सहीसाठी टेबलावर आला. फेर्मिन चहा घेऊन आला.

"साखर संपलीय. तसाच घ्या."

रेमिहिओने घोट घेतला. चहा गोड होता.

त्याने कप ठेवला. थांबला. पुन्हा घोट घेतला.

गोड.

जिभेने त्याने दात चाचपला. दात जागेवर होता. त्यावर नख टेकवलं आणि ओढलं.

नखाखाली रेघ लागली.

"काही अडकलं का दातात?" फेर्मिनने विचारलं.

"नाही."

"मग दोन्याचं काय करायचं? ट्रकवाल्यांचा फोन येऊन गेला."

कागदावर प्रश्न एवढाच होता, की सौम्य आम्लात शिसं सुटतं का. दातांबद्दल काही विचारलेलं नव्हतं. रेमिहिओने 'नाही' लिहिलं आणि सही केली.

साखर दुपारी आली. त्याला लागली नाही.