पाणी यायच्या आधीचा चोर

"घरात तरणतलाव नाही," पलंगाखालून डोकं बाहेर काढत अमृत म्हणाला. "मी स्वयंपाकघरसुद्धा पाहिलं."

"कपाट पाहिलंस?" रेश्माने विचारलं.

"पाहिलं. साड्या आहेत. कोरड्या."

रेश्माने दारावर चिकटवलेला कागद पुन्हा वाचला. बोरटेकमध्ये घरोघरी पाण्याचे नवे स्मार्ट मीटर बसले होते. नळाच्या पाइपवर बसवलेला निळा डबा किती पाणी गेलं ते मोजायचा आणि स्वतःच पाणीपुरवठा ऑफिसात कळवायचा. चांगुणाआत्याच्या डब्याने कळवलं होतं, की एकटी राहणारी ही बाई अख्ख्या गल्लीपेक्षा जास्त पाणी वापरते. म्हणून येत्या शुक्रवारी तिचा नळ तोडण्यात येणार होता.

बोरटेक हे जामखेडच्या रस्त्यावरचं छोटं, कोरडं शहर. नळाला पाणी फक्त शुक्रवारी यायचं आणि तेवढ्यावर लोक आठवडा काढायचे. पाणी चोरणाऱ्यापुढे तिथे दागिने चोरणारा सज्जन ठरला असता. अमृत आणि रेश्मा सुट्टीसाठी नगरहून आत्याकडे आले होते, आणि आल्या आल्या चोराचे भाचे झाले होते.

"गल्लीत काय बोलत्यात माहितीये का?" शेजारची निकिता उंबऱ्यावर बसत म्हणाली. ती दहा वर्षांची होती आणि गल्लीतल्या सगळ्या बातम्या तिच्यामार्फतच जायच्या. "आत्या रामहरी काकांच्या टँकरला गुपचूप पानी विकती म्हनं. माझी आईबी तेच म्हनती. मी न्हाई म्हनत. पन मला कोन विचारतंय?"

"म्हनू दे," तांदूळ निवडता निवडता आत्या म्हणाली.

पण संध्याकाळी तिने नेहमीसारखा पानाचा डबा ओट्यावर आणून ठेवला, तेव्हा एकही बाई आली नाही. निकिताची आई समोरून गेली, ती आभाळाकडे बघत. आभाळात काहीच नव्हतं. अंधार पडल्यावर आत्याने डबा न उघडता आत नेला.

"खरंच नळ तोडला तर?" रेश्माने विचारलं.

"तर काय, हंडा घेऊन लोकांच्या दारात जाईन. अन् ते म्हनतील, आली बघा चोर."

 

पहिला संशय अर्थातच रामहरी काकांवर. त्यांचा टँकर आत्याच्या मागच्या भिंतीला लागूनच उभा असायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं खुरपी घेऊन भिंतीच्या कडेने लपवलेला पाइप शोधू लागली. त्यांना एक चमचा सापडला आणि एका पायाची चप्पल.

"काय शोधताय रं?" भिंतीवरून आवाज आला. वर रामहरी काकांचं डोकं होतं.

"दुसऱ्या पायाची चप्पल," अमृत म्हणाला.

"चोरीचा पाइप शोधताय, व्हय ना?" काकांनी भिंतीवर कोपरं टेकली. "लोकं माझ्याच टँकरचं नाव घ्यायला लागली, तवा मीबी ह्या अंगानं खणलं. मला वाटलं चांगुणाक्कानंच टाकलाय. न्हाई घावला."

"म्हणजे तुम्हाला आत्याचा संशय?" रेश्माने विचारलं.

"अन् तुमाला माझा. फिट्टंफाट झाली."

भिंत आता दोन्ही बाजूंनी उकरून झाली होती. चोराला पळून जायला उलट सोयच झाली होती.

मग तिघं पाणीपुरवठा ऑफिसात गेली. तिथे मीटर बसवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सुश्रुत सर थंडगार खोलीत मोठ्या स्क्रीनपुढे बसले होते.

"सर, तुम्ही आमची गल्ली पाहिलीय?" रेश्माने विचारलं.

"गरज काय? मला इथून सगळं दिसतं." त्यांनी एक ग्राफ उघडला. "हे तुमच्या आत्याचं मीटर. आठवडाभर अगदी सपाट. आणि शुक्रवारी बघा, तीन ते चार. केवढा डोंगर."

"पन पानी तर चारला येतं," निकिता म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"आत्यानं. ती ताट वाजवती."

रेश्माने नीट समजावलं. आत्याचं घर टेकाडावर, गल्लीतलं सगळ्यात वरचं. तिच्याकडे पाणी आलं म्हणजे सगळ्यांकडे आलं. म्हणून शुक्रवारी दुपारी ती आपली तोटी उघडी ठेवून बसते. बादलीत धार पडली की ताट बडवते, आणि तोवर झोपलेली गल्ली उठून आपापले नळ सोडते.

"मग तिचं घड्याळ चुकत असेल," सर म्हणाले. "मशीन चुकत नाही."

परतताना अमृतने डोकं खाजवलं. "चोर भलताच हुशार आहे," तो म्हणाला. "पाणी यायच्या आधीच पाणी घेऊन जातो. इतकी अक्कल असून बोरटेकमध्ये कशाला राहतो कोण जाणे."

रेश्मा रस्त्यातच थांबली. "निकिता, पाणी यायच्या आधी नळातून काय येतं?"

"काय येनार? सूं सूं करतो नुसता. वारं येतं."

"तुझ्याकडे फुगे आहेत?"

"माझ्या बारक्या भावाच्या, दादूच्या वाढदिवसाचे उरलेत. पन आत्ता फुगे कशाला?"

"चोर भरायला," रेश्मा म्हणाली.

शुक्रवारी तीनच्या आधीच सुश्रुत सर हजर झाले. सोबत भला मोठा पाना घेतलेला माणूस होता. झोप सोडून गल्ली तमाशा बघायला जमली. रामहरी काका भिंतीवर बसले.

"सर, नळ तोडा," रेश्मा म्हणाली. "पण आधी चोर पकडू. तो तीनला येतो. तुमच्याच ग्राफमध्ये आहे."

स्वतःच्या ग्राफला नाही म्हणणं सरांना जमेना. ते ओट्यावर टेकले. आत्याने त्यांच्यापुढे चहा ठेवला. "ह्यो कपबी मोजून घ्या," ती म्हणाली.

थोड्याच वेळात उघड्या तोटीने सूं सूं सुरू केलं. अमृतने पटकन तिच्या तोंडावर लाल फुगा चढवून घट्ट धरला. फुगा लिंबाएवढा झाला, पेरूएवढा झाला, बघता बघता भोपळ्याएवढा झाला. निळ्या डब्यावरचे आकडे भराभरा पळू लागले. निकिताने दुसरा फुगा लावला, मग तिसरा. आकडे थांबायचं नाव घेईनात.

"डबा म्हणतो, बरंच पाणी गेलं," रेश्मा वाकून बघत म्हणाली.

"फुग्यात पाणीच असणार," सर म्हणाले, पण आवाज जरा बारीक झाला होता.

"मग हा धरा." अमृतने लाल फुगा त्यांच्या हातात दिला. "जड झाला तर सांगा."

सरांनी फुगा दोन्ही हातांनी जपून घेतला. मग दाबून पाहिला. मग आणखी जरा दाबला. फट्ट! त्यांनी चष्मा काढून काचा तपासल्या. काचा कोरड्या होत्या. शर्टही कोरडा होता.

"आत्ता समजलं," रामहरी काका भिंतीवरून म्हणाले. "आमी समदे तोट्या बंद करून झोपतो. मग पान्यानं पुढं ढकललेलं आख्ख्या लायनीतलं वारं जानार कुठं? एक चांगुणाक्काची तोटी उघडी, ती बी आमच्यासाठी. अन् डबा वाऱ्यालाच पानी समजतोय."

निकिताच्या आईने पुन्हा आभाळाकडे बघायचा प्रयत्न केला, पण या वेळी जमलं नाही.

वारं चारपर्यंत येतच राहिलं. मग नळ खाकरला, गढूळ थुंकला, आणि बादलीत धार पडली. आत्याचा हात सवयीने ताटाकडे गेला आणि मध्येच थांबला. तिने गल्लीकडे पाहिलं.

"वाजवू का? का चोराचं ताट चालत न्हाई?"

निकिताची आई गर्दीतून ओट्याजवळ आली.

"चुकलं माझं, आक्का," ती म्हणाली. "वाजव."

आत्याने ताट असं बडवलं, की पाना घेतलेला माणूससुद्धा घराकडे पळत सुटला. त्याचंही घर त्याच गल्लीत होतं.

सुश्रुत सरांनी दारावरचा कागद स्वतःच्या हाताने काढला. "मी आधीच इथे यायला हवं होतं," ते म्हणाले. "शाबास रे पोरांनो. असली तपासणी आमच्या कंपनीतही कुणी केली नाही. मीटरच्या आधी हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसवून देतो. आणि आत्या, तुमची माफी मागतो. वरिष्ठांना दाखवायला मात्र पुरावा लागेल."

"पुरावा तुमच्याच हातात फुटला," अमृत म्हणाला. "पण अजून दोन आहेत."

मोटरसायकलला दोन फुगे बांधून सर ऑफिसला गेले. गल्लीतली कुत्री लांबपर्यंत त्यांच्या मागे धावली.

पुढच्या शुक्रवारी आत्याच्या मीटरआधी नवाकोरा व्हॉल्व्ह बसला होता. वारं त्याच्यातून शिट्टी मारत बाहेर पडत होतं आणि निळा डबा मुकाट बसला होता. चारला बादलीत धार पडली. आता ऑफिसातून पाणी आल्याचा संदेशही सगळ्यांच्या मोबाईलवर आला. गल्लीत कुणीही जागचं हललं नाही. सगळे ओट्याकडे बघत होते.

ओट्यावर बायकांच्या गराड्यात, उघड्या पानाच्या डब्याशेजारी आत्या बशीतून चहा पीत होती.

"आक्का, ताट," निकिताची आई हळूच म्हणाली.

"चा संपू दे की," आत्या म्हणाली आणि तिने बशीवर फुंकर मारली.