दवलीचे तीन ठोके

तेल आणायचं, एवढंच काम होतं. दिव्यातलं तेल तळाला गेलं होतं आणि खोबरेलाचा डबा होता विहिरीपलीकडच्या मांगरात, सामानाच्या खोपटात. परसातून चाळीस पावलं. पण सुमंगला मागच्या उंबऱ्यावर उभी राहिली ती राहिलीच.

मये गावच्या त्या घरातून कमलाक्षीमावशी जाऊन नऊ दिवस झाले होते. उद्याच्या दहाव्याचं सामान आणायला घरची माणसं डिचोलीला गेली होती, ती दिवेलागण झाली तरी परतली नव्हती. जाताना गुरुदासमामा बजावून गेले होते, "बाये, दिवो विजूंक दिनाका. तिका वाट दिसूंक जाय."

दिव्याशेजारी तांदळाचं पीठ पसरून वर टोपली पालथी घातली होती. उद्या ती उचलायची. पिठात जो ठसा दिसेल त्यावरून गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं म्हणे. सुमंगला दिवसभर त्या टोपलीकडे पाठ करूनच बसली होती.

भित्री ती जन्माचीच. आईविना पोर, मावशीनेच वाढवलेली. तिन्हीसांजेला विहिरीवर जायचं म्हटलं की उंबऱ्यावरच अडायची. मग मावशीने एक युक्ती काढली. चुलीपाशी बसल्या बसल्या ती दवली, म्हणजे करवंटीची पळी, मडक्यावर तीनदा वाजवायची. टक्, टक्, टक्. म्हणजे, 'हांव आसां गे', मी आहे इथे. सुमंगलाने विहिरीच्या कठड्यावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचं. म्हणजे, 'आयकलां.' गोवा मुक्त झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. आता म्हापशाच्या कॉलेजात जाऊ लागली, तरी सुट्टीत ठोके चालूच. "बी.ए. जातली आनी सरड्याक भियेता!" असं म्हणून मावशी हसायची, आणि सकाळी पाववाल्या पोदेराला दारात अडवून दोन पाव जास्त मागायची, "हिका दोन उंडे चड दी रे, भिवन भिवन सुकलां पोर!"

शेवटच्या संध्याकाळी मावशीचा श्वास घरघरायला लागला. ती घरघर ऐकवेना म्हणून सुमंगला विहिरीपाशी जाऊन बसली. थोड्या वेळाने आतून ठोके आले. टक्... टक्... टक्. उशाशी मागून घेतलेली दवली मावशी खाटेच्या पायावर वाजवत होती. सुमंगलाचा हात उचलला गेला नाही. ती आत गेली तेव्हा सगळं संपलं होतं. मामांनी दवली मावशीबरोबरच चितेवर ठेवली.

वात तडतडली. सुमंगला दचकली आणि तशीच बाहेर पडली.

माडांखाली काळोख दाटला होता. नारळाच्या ओल्या सोडणांचा कुबट वास येत होता. शिरगावच्या खाणीचे ट्रकही आज गप्प. मांगरातून डबा उचलून ती परत फिरली आणि विहिरीपाशी पाय जमिनीला चिकटले. पाण्यात काहीतरी हळूच पडलं. मागे कुणी उभं असावं, इतक्या जवळ... समोर दारातली उजेडाची पट्टी बारीक होत चालली होती. दिवा जाणार. मावशीची वाट काळोखी होणार, तीही आपल्याच भित्रेपणामुळे, दुसऱ्यांदा.

टक्, टक्, टक्.

रिकाम्या स्वयंपाकघरातून.

सुमंगलाचा हात आपोआप कठड्यावर गेला. एक. दोन. "आयकलां, मावशे... आयकलां गे..." रडतच ती धावली. ज्योत मोहरीएवढी उरली होती. तेल पडताच ती सरळ उभी राहिली.

घरची माणसं रात्री उशिरा परतली. सकाळी मामांनी टोपली उचलली. पाखराचं पाऊल नाही, जनावराचं नाही. पिठात तीन गोल खळगे, करवंटीच्या बुडाएवढे.

"उंदीर आसतलो," मामी म्हणाली. तिलाही ते पटलेलं नव्हतं.

मामा खाली वाकले. "आनी हे दोन... ल्हान?"

तीन खळग्यांशेजारी दोन बारके ठसे होते, कुणी पेराने हलकेच वाजवावं तसे.

सुमंगलाने हात पदराआड नेला. पहाटे तिने विहिरीवर आंघोळ केली होती, डोक्यावरून. तरी मधल्या बोटाच्या पेरावर पांढरं पीठ होतं.