उशाशी लोबान

तंबूभोवतीच्या ओल्या गाळावर एकही परके पाऊल उमटलेले नव्हते. आत झोपलेल्या तिघींनी मात्र पावले ऐकली होती.

हकिकत घडलेली आहे. तिच्यात पदरचे काही घातलेले नाही. रात्र गेल्या डिसेंबरातली. जागा पैठणच्या वरच्या अंगाला, जायकवाडीच्या फुगवट्याकाठी.

दिवसा गोदावरीत नावेतून फिरायचे, रात्री काठावर तंबूत राहायचे, अशी ती सहल होती. रसायनशास्त्र शिकवणारी आमरीन धाकट्या बहिणीला, अनिसाला, घेऊन आली होती. पुढच्या आठवड्यात अनिसाचा निकाह होता. अम्मीला, म्हणजे अनवरीबाईंना, हे मुळीच पसंत नव्हते. म्हणूनच त्याही आल्या.

नाव काठाला लावताना नावाडी गोकुळ म्हणाला, "इथं खाली जुनं गाव हाय. माणसं उठली, मढी तिथंच ऱ्हायली."

"मग रेशन कुठून आणतात ते?" अनिसा म्हणाली.

"हसू नका ताई. लई ऐकलंय आम्ही."

अनवरीबाई हसल्या नाहीत. लग्न ठरलेल्या मुलीने रात्री पाण्याजवळ राहू नये, अशी त्यांच्या घरची रीत.

"मैं नक्को बोली थी," त्या पुटपुटल्या. चुलीतले निखारे त्यांनी लोबानदानीत घेतले, वर लोबान टाकला, दानी अनिसाच्या उशाशी ठेवली आणि तंबूची चेन घट्ट ओढली.

"अम्मी, थोडी उघडी राहू दे," आमरीन म्हणाली.

"कशाला? त्यांना वाट दाखवायला?"

अम्मीचा डोळा लागला की उघडू, असे ठरवून आमरीन आडवी झाली. तिचाच डोळा लागला.

आणि मग...

धप्... धप्...

पाण्यातून कुणी चालत येत होते.

"आपा, कोण आहे?" अनिसाची जीभ जड झाली होती.

"लाटा आहेत."

वारा नव्हता.

अनवरीबाईंनी रक्षणासाठी म्हणतात ती आयतुल कुर्सी म्हणत दानीत आणखी कोळसा टाकला.

पावले आत आली. आमरीनच्या छातीवर कुणीतरी बसले.

अनिसा आता काही विचारीत नव्हती.

"अनिसा?"

...

उठावे, तर पाय कुणी धरून ठेवलेले. आमरीन कोपरांवर सरकत गेली, चेन ओढली आणि बाहेर गाळात तोंडघशी पडली. गार हवा छातीत शिरली. पावले हळूहळू विरली.

तिच्या ओरडण्याने गोकुळ धावला. दाराशी पडलेल्या अनवरीबाईंना त्याने ओढून काढले. श्वास चालू होता.

अनिसाला शेवटी काढले. गाल गुलाबी होते, नवरीसारखे.

"पाण्यातल्यांनी माझी पोर नेली," असे अनवरीबाई भेटेल त्याला सांगतात. आमरीन ते खोडत नाही. आईशेजारी झोपताना ती खिडकी मात्र उघडी ठेवते... आणि तरी झोप येत नाही.

शवविच्छेदनाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. बंद तंबूत कोळसा धुमसला आणि कार्बन मोनॉक्साइड साचला. कानांतली धडधड, छातीवरचे ओझे, गळालेले पाय, गुलाबी गाल ही त्याचीच लक्षणे. अनिसा त्या वायूने गेली. तो कोळसा तिच्या रक्षणासाठी आईने पेटता ठेवला होता.