सतरा स्टेन्सिलं

"मॅडम, कबाट खाली छे! एकपण कागद नाही!"

शिपाई सुकलालची हाक ऐकून विशाखा तायडे स्टाफरूमकडे धावल्या. १९९४ सालची गोष्ट. गुजराती मुलखातल्या उधन्याच्या एका कॉलेजात त्या इंग्रजी शिकवत. जवळच्या पांडेसऱ्याच्या कापडकारखान्यांत राबणारी मुलं-मुली नेमलेल्या पुस्तकापुढे मुकी होत, म्हणून वर्षभर खपून त्यांनी विद्यार्थ्यांसोबत सतरा धडे लिहिले होते. कोणीही ते घ्यावेत, छापावेत, बदलावेत यासाठी. आज ते सायक्लोस्टाइलवर निघायचे होते.

आणि ते धडे टाइप केलेली मेणकागदाची स्टेन्सिलं गायब!

कुलूप शाबूत होतं. किल्ली स्टाफरूमच्या खिळ्यावर, कोणाच्याही हाताला येईल अशी.

"रात्री कोण आलं होतं?"

"कोणी नाही, मॅडम. साडेसहाला मी गेट बंद केलं. तोवर भाईदासभाई आणि पाटील सर होते."

विशाखाबाईंनी आठवून पाहिलं. काल पाच वाजता त्यांनी सतरावा धडा बदलला होता. रजेचा अर्ज काढून त्या जागी विद्यार्थिनी ताराचं पत्र टाइप केलं, साडेपाचला स्टेन्सिलं कपाटात ठेवली आणि घर गाठलं. बदल कोणाला सांगितला नव्हता. तारालासुद्धा नाही.

आधी त्या ग्रंथपाल भाईदासकडे गेल्या.

"तुम्हाला हे धडे आवडत नव्हते, भाईदासभाई."

"नव्हतेच. शेवटी रजेचा अर्ज! तो काय कॉलेजात शिकवायचा? पण मी चोर नाही, बेन."

मग विभागप्रमुख योगराज पाटील.

"सर, स्टेन्सिलं पाहिलीत?"

"मी त्या कपाटाकडे फिरकत नाही."

"पण धडे तुम्हाला खटकत होते."

"खटकणारच! पदवीच्या वर्गाला काय द्यायचं, कविता की रंगाच्या हौदात हात भाजलेल्या बाईचं पत्र?"

विशाखाबाई सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेल्या आणि सगळ्यांना बोलावून घेतलं. ताराही आली. नवागामची ही मुलगी सकाळी कॉलेज करी, दुपारी कारखान्याच्या रंगखात्यात काम.

"स्टेन्सिलं पाटील सरांनी नेली," विशाखाबाई म्हणाल्या.

"पुरावा?" पाटील उसळले.

"तुम्हीच दिलात. शेवटचा धडा रजेचा अर्ज होता. भाईदासभाईंना अजून तेच वाटतं, कारण त्यांनी नवा कागद पाहिलेला नाही. भाजलेल्या हातांचं पत्र मी काल पाचनंतर टाइप केलं. धड्यांत ते फक्त कपाटातल्या त्या स्टेन्सिलवर होतं, आणि बदल मी कोणाला सांगितला नव्हता. कपाट न उघडता तुम्हाला ते कळलं कसं?"

पाटलांनी पिशवी उघडून स्टेन्सिलांची गुंडाळी टेबलावर ठेवली.

"जाळणार होतो. हात धजला नाही. अमळनेरहून आलो तेव्हा माझ्या इंग्रजीला लोक हसायचे, बाई. आपल्या पोरांना उत्तमातलं उत्तम मिळावं. कारखान्याचं इंग्रजी नको."

"उत्तम तेही मी शिकवीन, सर. पण हात भाजल्यावर साहेबाला जाब विचारायचा, तो कोणत्या इंग्रजीत?"

प्राचार्य मध्ये पडले. "विशाखाबेन, एवढं एक पत्र गाळा. कारखानेवाले नाराज होतील. बाकी सोळा खुशाल काढा."

"नाही, सर."

"विचार करा."

"केला. सतराही निघतील. इथं नाही तर नवागामच्या ओट्यावर. माझी नोकरी घ्यायची तर घ्या."

"मॅडम, मी वाचू का?" तारा पुढे आली. "पत्र मनं शे, मीच लिहिलंय."

तिने स्टेन्सिल उजेडापुढे धरलं आणि अडखळत, चुकत वाचू लागली. "सर, माय हँड्स वॉज बर्न्ट..."

"वेअर," पाटलांच्या तोंडून निघून गेलं. "हात दोन आहेत ना? वेअर."

ताराने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "वेअर बर्न्ट," ती म्हणाली, आणि आवाज चढवून उरलेलं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. प्राचार्यांनी बाकीची गुंडाळी विशाखाबाईंकडे सरकवली.

विशाखाबाईंनी सगळी स्टेन्सिलं उचलली.

"सुकलाल, मशीनला शाई लाव."